उलटी टांगलेली राणी

याडी, माझे आई, गेल्या रविवारी यवतमाळला जुन्या नाण्यांचं प्रदर्शन होतं, आणि तिथे मला तुझ्या गळ्यातला रुपया दिसला. तुला जाऊन किती वर्षं झाली, तरी तो मी कुठेही ओळखला असता. लहानपणी तुझ्या हारातला एक रुपया कडी तुटून सुटला, तो तू माझ्या मुठीत दिलास, आणि त्या एका रुपयापायी मला हा नाण्यांचा नाद लागला. बायको म्हणते, घरात गहू ठेवायला डबा नाही आणि तुमच्या नाण्यांना कपाट आहे. खोटं नाही बोलत ती.

कळंबच्या सोनाराचा ओटा आठवतो तुला? तू बसली आहेस, मी तुझ्या ओढणीचं टोक धरून उभा आहे. तांड्यातल्या सगळ्या बायकांच्या हारात राणीछाप रुपये, आणि सगळ्यांच्या कड्या राणीच्या डोक्यावर. तू मात्र सांगतेस, कडी खालून लाव, तिच्या गळ्याखाली. सोनार हसतो. "बाई, लोकायले राणी उलटी दिसन ना!" तू म्हणतेस, "लोकायचं मले काय करा लागते? घालनारी मी. मान खाली घातली का मले सुधी दिसली पायजे." बायका तुला किती चिडवायच्या त्यावरून! पण कापूस वेचताना तू वाकायचीस तेव्हा राणी तुझ्याकडे अगदी सरळ बघायची. तुझ्यामागे हार रीतीप्रमाणे बाईकडे गेला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडे. मी दर दिवाळीला नेरकडे तिच्या तांड्यावर गेलो की आधी हार मागून बघायचो. चिंचेनं घासू नको, कुणाला देऊ नको, एकही रुपया इकडचा तिकडे करू नको, असा दर वर्षी माझा पाठ असायचा. ती मान हलवायची.

प्रदर्शनातल्या टेबलावरच्या रुपयाची कडी कापून टाकलेली होती, पण राणीच्या गळ्याखाली कडी जोडलेल्या डागाची गाठ तशीच होती. व्यापारी म्हणाला, "तो डागाचा हाय भाऊ, शौकीन लोक नाई घेत. नेरच्या सोनाराकडून आला, याच आठवड्यात. कोनं तरी घाईनं मोडला वाट्टे." घाईनं हा शब्द ऐकला आणि मी फोन काढला. यंदा कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली आहे, याडी. फवारलेलं औषध वाऱ्यानं उलटून तोंडावरच येतं. मोठ्या दवाखान्यात डोळ्यांवर पट्ट्या बांधलेली माणसं खाटांवर पडलेली मी स्वतः बघून आलो होतो, आणि त्यातली काही घरी परतली नाहीत. आमचे भाऊजी आपलं वावर स्वतःच फवारतात, अंगात नुसती बनियन. बाईला फोन लावला, बंद. परत लावला, बंद. सांगितला तो भाव देऊन नाणं खिशात घातलं आणि नेरची गाडी पकडली. जन्मात पहिल्यांदा मी घासाघीस केली नाही.

मला भीती वाटत होती, दुसरं काहीही वाटत नव्हतं. गाडीत शेजारच्यानं कुठं निघालात विचारलं, तर मी तोंड फिरवून बाहेर बघत राहिलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी, आणि फवाऱ्याचा तो वास खिडकीतून आत येत होता. फाट्यावर उतरून तांड्यापर्यंत जवळजवळ पळतच गेलो. बाईच्या दारात चपला पडलेल्या दिसल्या, खूप चपला, आणि ओसरीवर माणसं मुकाट बसलेली. कुणाला काही विचारायची हिंमत होईना. मग आतून बांगड्या वाजल्या. बाईच्याच बांगड्या, भरल्या हाताच्या. मी तिथेच मातीत बसलो आणि लहान पोरासारखा रडलो.

भाऊजी खाटेवर होते, डोळ्यांवर ओलं फडकं. सकाळीच दवाखान्यातून आणलं होतं, म्हणून गाव भेटायला आलं होतं. "आता थोडं थोडं दिसून राह्यलं," ते म्हणाले. बाईच्या गळ्यात हार होता, मधे एका जागी काळा दोरा बांधलेला. मी तिच्यावर ओरडलो, याडी. "मले काहून नाई सांगतलं? मी मेलतो का?" ती चुलीपुढून उठली नाही. हळूच म्हणाली, "याहिचे डोये मिटले, तोंडाले फेस आला. गाडीवाला दारात उभा. तुले फोन लावाले घेतला न ठेवून देला. तू म्हनला असता, बाई, हार मोडू नको, थांब, मी येतो. अन् थांबाले येळ नोता, भिया."

तिनं चहा दिला, तो प्यायलो. तुझी राणी माझ्या खिशात होती आणि ती बाहेर काढून तिच्या हातावर ठेवायची मला लाज वाटली. तशीच परत आणली. अल्बममध्ये घालवत नाही, म्हणून या कागदात गुंडाळून ठेवतो आहे, दिवाळीला नेऊन द्यायला. कागद मात्र तिला द्यायचा नाही.

बाईला तिथे म्हणालो, असं कसं म्हणालो असतो गं मी. पण याडी, मी तेच म्हणालो असतो.