आईनं मला विचारलं

६ नोव्हेंबर १९८३, निशातगंज

काल अमौसीच्या विमानतळावर उतरले. श्रीपाददादा न्यायला आला होता — केस पिकलेत, पोट सुटलंय, रेल्वेतला मोठा इंजिनियर शोभतो! सामान थेट आईकडे आणलं. बाबा गेल्यापासून आई इथे दोन खोल्यांत एकटी राहते. त्रेसष्टाव्या वर्षी मुलींना गणित शिकवते. दादाकडे मानक नगरला जायला तयार नाही.

हॅम्बुर्गच्या मासिकाला फोटो हवेत. 'बदलती भारतीय स्त्री'. संपादकाला वाटतं, मी लखनऊची, मला दिसेलच.

९ नोव्हेंबर

दिवसभर भटकले. ल्यूनावरून जाणाऱ्या मुली, बँकेतली अधिकारी बाई, गच्च्यांवर टीव्हीच्या अँटेना. एका मुलीला थांबवलं तर म्हणते, "दीदी, मॉडर्न दिखना है या सीधा-सादा?" मग तिनंच दोन्ही करून दाखवलं — आधी ओढणी डोक्यावर, मग गळ्यात. दोन्ही फोटो काढले. कुठला पाठवायचा?

१० नोव्हेंबर

आजही रोल वाया.

१४ नोव्हेंबर

मटार सोलता सोलता आई म्हणाली, "रमाकांत दाते आठवतात ना?"

आठवतात. वनस्पतिशास्त्रज्ञ, आता निवृत्त. बायको मागेच वारली. इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत पेटी वाजवायचे.

"आम्ही लग्न करावं म्हणतोय. तुला काय वाटतं?"

मी हसले. ती हसली नाही.

"या वयात? कशाला?" — हे मी म्हणाले. मी! माझा घटस्फोट झाला तेव्हा हीच बाई फोनवर एवढंच म्हणाली होती, "बरं. वेळेवर जेवत जा."

"कशाला म्हणजे? बोलायला. भांडायला. चहाला." आणि सालं गोळा करून आत गेली.

राग आलाय का मला? लाज वाटतेय? बाबांसाठी वाईट वाटतंय? बाबांचा चेहरा डोळ्यांपुढे आणायला गेले तर नीट येतही नाही. मग हे नक्की कुणासाठी?

१६ नोव्हेंबर

मानक नगरला गेले. दादा भडकेल असं वाटलं होतं. खरं सांगायचं तर त्यानं भडकावं म्हणूनच गेले! माझ्या वाटचं तो बोलला असता.

तो चष्मा पुसत राहिला. "तुझं मत काय?" उलट मलाच! हेमावहिनी म्हणाली, "चहा टाकते हं," आणि उठलीच. त्यांच्या नयनाला मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदीच — "बुआ, दादी खुश हैं, तो आपको क्या दिक्कत है?" वहिनीनं आतून हाक मारून तिला बोलावून घेतलं.

परतताना रिक्षात बसून हाच विचार. ज्या दादानं कॉलेजात मला स्लीव्हलेस घालू दिलं नाही, तो गप्प! आणि मी, जग फिरून आलेली, तावातावानं बोलतेय. कुठेतरी काहीतरी उलटंपालटं झालंय. काय, ते समजत नाही.

१९ नोव्हेंबर

दाते आले. खुर्चीच्या अगदी कडेला बसले, पाहुण्यासारखे. मी कॅमेरा काढला. ते हातांचं काय करावं ते न कळून कधी मांडीवर ठेवत, कधी खिशात घालत.

"तुम्हाला पटत नसेल तर…" एवढंच म्हणाले.

"मला वेळ द्या," मी म्हटलं. कसला वेळ? कोण मी देणारी-न देणारी?

आई चहा घेऊन आली. कप ठेवता ठेवता दुसऱ्या हातानं तिनं त्यांची दुमडलेली कॉलर सरळ केली. बोलत होती माझ्याशी. मी बटण दाबलं नाही. कॅमेरा खालीच आला.

२० नोव्हेंबर

काम नाही केलं. आईशी धड बोललेही नाही.

२३ नोव्हेंबर

सकाळी आई फळ्यावर मुलींना गणित घालत होती. एकीचं चुकलं तर आई इतकी खळखळून हसली — चेष्टेनं नाही, मजेनं — की मी दारातच थांबले. बाबांच्या वेळी ती अशी हसायची का? नाही आठवत. फार घाबरल्यासारखं झालं.

मुली गेल्यावर म्हटलं, "कर लग्न. साक्षीदार म्हणून मी सही करते."

"अगं…" म्हणाली आणि बसलीच. मला वाटलं खूश होईल. पदर तोंडाला लावून रडायला लागली. "काय झालं?" तर नुसती मान हलवते. आता हे काय?

२६ नोव्हेंबर

लग्न झालंय. गेल्या फेब्रुवारीत. दादानं सही केली, वहिनीनं श्रीखंड केलं. गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. दूधवाला भैयासुद्धा जाणतो.

"तू नाही म्हणाली असतीस तर सांगितलंच नसतं," आई म्हणाली. "तू जाईपर्यंत निभावलं असतं. दर फोनला विचारायचीस, घर आहे तसंच आहे ना गं? काय सांगू तुला? तीन आठवडे ह्यांना घराबाहेर ठेवलंय मी."

ह्यांना!

संध्याकाळी दार वाजलं. हातात बॅग घेऊन ते बाहेर उभे होते, आत येऊ का असं माझ्याकडे बघत.