मूळ-कूळ विचारलेले शब्द

धारगळ, मंगळवार

चि. शिवदास,

तुला आणि विमलाला तुझ्या थोरल्या बहिणीचा, बायेचा, ओंजळभर आशीर्वाद. तुझा गुडघा जिना चढू देतो की अजून कुरकुरतो? विमलाची साखर कशी आहे? इथे सगळी बरी आहोत. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. शेजारचा कृष्णनाथ उद्या वास्कोला येतोय, त्याच्या हाती पाठवते. मी सांगते आणि नात गौरवी लिहिते, तेव्हा अक्षर तिचं, अक्कल माझी. (लिही गो, गाळू नको.)

रविवारी तू अर्धा उंडा पाव बशीत टाकून, चहाला तोंड न लावता बस गाठलीस. कारण आमच्या जनेलाच्या काचेवर डकवलेली, तुझ्या नावाची चिठ्ठी, हे मला बस सुटल्यावर कळलं. तुला इंग्रजी वाचता येतं, हाच सगळा घोटाळा.

झालं असं. तुमच्या वास्कोतल्या एका जहाजांच्या कंपनीच्या लेखी परीक्षेत गौरवी गेल्या खेपेला इंग्रजी शब्दांवर आपटली. येत्या शनिवारची संधी शेवटची. पुढच्या वर्षी तिचं वय उलटतं. सकाळी घोकलेलं संध्याकाळी पुसलेलं. मग शिकवणीचे मास्तर म्हणाले, शब्द घोकू नका, त्याचं मूळ बघा. मी म्हटलं, एवढंच ना? सोयरीक जमवताना आम्ही दुसरं काय करतो? गाव कुठलं, आजोळ कुठलं, चुलते काय करतात. तेव्हापासून आमच्याकडे शब्दांची स्थळं सांगून येतात. लॅटिन म्हणून कोणी मूळपुरुष आहे. त्याची काही लेकरं पोर्तुगिजांकडे वाढली, काही इंग्रजांकडे गेली. आपलं जनेल आणि इंग्रजांचा दार राखणारा 'जॅनिटर' म्हणे एकाच घराण्यातले. जन्मभर मी त्या जनेलातून मासळी विकणाऱ्या नुस्तेकान्नीला हाका मारल्या, पण त्याचं कूळ कधी विचारलं नाही!

पण नुसत्या कुळावरून माणूस ध्यानात राहत नाही, त्याला चेहरा लागतो. म्हणून मी एकेका शब्दाला घरचं माणूस नेमून दिलं. (कल्पना माझी, पोरीवर डोळे वटारू नको.) 'लोक्वेशस', मूळ 'बोलणं', हा माझ्या नणंदेला, वत्सलाला. ती येऊन बसली की गौरवीची उजळणी सुरू होते, आणि वत्सला उठेपर्यंत त्या कुळातले आणखी चार शब्द पाठ होतात. मग आला 'ऑब्स्टिनेट', मूळ 'उभं राहणं'. वाटेत उभा राहून जो हलत नाही तो हट्टी. मी डोळे मिटले तर तूच दिसलास. माहेरचं फणसाचं झाड तोडायला यंत्र आलं, तेव्हा छत्री उघडून दुपारभर त्याच्यापुढे उभा! फणस शेवटी गेलाच, पण त्या दिवशी यंत्र हात हलवत परतलं आणि मी गावभर मिरवले. तेच कागदावर आलं, तर बस गाठतोस?

माझंच बघ. माझ्या पानाच्या डब्यावर चार दिवस एक चिठ्ठी होती. देवाचं नाव असेल म्हणून मी रोज नमस्कार करून डबा उघडायची. काल विचारलं, तर 'इलिटरेट', मूळ 'अक्षर'. हा पोरीने मला न विचारताच नेमला. मी रुसले का? म्हटलं, राहू दे, चांगला घट्ट बसलाय. (आता पोर मान खाली घालून लिहिते आहे.)

तर राग सोड. मोठ्या बहिणीचं ऐकावं, हे साठ वर्षांत तुला पटलं नाही, म्हणून तर शब्द तुझ्या वाट्याला आला.

तुझी
बाय

ता. क. परीक्षा सकाळी आठला, वास्कोतच. इथली पहिली बस धरून वेळेवर पोचणं होत नाही. गौरवी शुक्रवारी संध्याकाळी तुझ्याकडे मुक्कामाला येईल. विमलाला मी कालच तिच्या फोनवर विचारलं, तिने अंथरूणसुद्धा उन्हात घातलं. तुला वेगळं विचारते, कारण दार तू उघडतोस.

ता. क. दुसरा. दार उघडलंस तरी लगेच शहाण्यासारखा बाजूला होऊ नको. थोडा आडवा उभा राहा. शनिवारी तिचा पेपर होईपर्यंत स्वभाव मुळीच बदलू नको रे. सगळ्या शब्दांत तेवढा एकच तिला झोपेतही येतो.