घर पक्के असल्याबाबत

१२ फेब्रु., मंगळ.
तालुक्याला तिसरी खेप. आईच्या नावचा अर्ज, छप्पर दुरुस्ती आणि निर्धूर चूल, पंचायत समितीची मदत. यादीत नाव न्हाई. नामंजूर अर्जांत हाय, कारणाच्या रकान्यात दोन शब्द : घर पक्के.

कुणी पाहिलं पक्कं? माळवदाची मधली तुळई वाळवीनं खाल्लीय, खाली बाभळीचा टेकू देऊन उभं केलंय सगळं. आई भाकरी थापती अन् वरनं माती पडती काटवटीत. क्लार्कला हे सगळं सांगितलं. तो पान लावत होता. म्हणला, "पाऊसच न्हाई बे दोन वर्षं, तर गळतं कसं?" सगळं ऑफिस हसलं.

मी त्याच्या हाताखालचं रजिस्टर ओढलं. शिपायानं कॉलर धरून पायऱ्यांपर्यंत आणून सोडलं. यष्टी गेलती. फाट्यापर्यंत जीपला लटकून, पुढं पायी. पाय दुखत न्हाईत, डोकं दुखतंय.

१४ फेब्रु., गुरु.
सकाळी दूध संस्थेत. कॉलेज सोडल्यापासनं इथं दूध मोजतो. चारा न्हाई, म्हशी आटल्या, लोक पाव लिटर घेऊन रांगेत उभे. व. आली किटली घेऊन. (व. एवढंच लिहितो, बहीण वही उघडती.) म्हणली, "कॉलर फाटलीय." बाकी काही न्हाई. दिवसभर तेवढ्यावर.

तिचे वडील संस्थेचे चेअरमन, आता सरपंचपण तेच. यादी त्यांच्या सहीनं वर गेली. म्हणजे नाव त्यांनीच कापलं. दुसरं कोण कापणार? मी पोरीकडं बघतो हे त्यांना कळलं असणार. दुपारी तक्रार लिहिली, तीन पानं, गटविकास अधिकाऱ्यांना. 'सरपंचांनी आकसाने नाव वगळले' खाली दोन रेघा मारल्या. पोष्टात टाकली तेव्हा कुठं भूक लागली.

१८ फेब्रु., सोम.
ग्रामसेवक भाऊसाहेब घरी आले. पाहणीच्या फॉर्मची नक्कल दाखवली. घर – पक्के. गळती – नाही. स्वयंपाकाचे इंधन – गोबरगॅस. खाली आईची सही.

मी म्हणलो, ही सही बनावट हाय, मी कोर्टात जातो. भाऊसाहेब टेकूला पाठ लावून बसले होते, दचकून पुढं सरकले. तेवढ्यात चुलीकडनं आई म्हणली, "सही माझीच हाय."

भाऊसाहेब चहा न घेता गेले.

रात्रीपर्यंत तुकड्या-तुकड्यानं काढून घेतलं तिच्याकडनं. लिंबागणेशच्या आत्यानं निरोप दिलता : कडा गावचं स्थळ हाय, पोरीकडची माणसं न सांगता येतील, घर बघून जातील. चार दिवसांनी दोघं आले. पायात बूट, काखेत वही. किती खोल्या, छत कशाचं, सैपाक कशावर, जनावरं किती. पोरीकडचे तरी दुसरं काय इचारतेत? आईनं शेजारनं साखर आणून चहा केला. घर पक्कं हाय म्हणली. एक थेंब गळत न्हाई म्हणली. अन् शेजारच्या अण्णांचा गोबरगॅस आपला म्हणून दाखवला. सही कर म्हणल्यावर तिला वाटलं, लई शिकलेलं स्थळ हाय, लिहून घेतेत.

माझं लग्न. माझ्या माघारी. अन् मला मुळात कड्याची पोरगी नकोच हाय.

१९ फेब्रु., मंगळ.
आईशी बोललो न्हाई. ती खोकत होती, तवा सोडून दाराशी येऊन बसली. भिंतीला सांगितल्यासारखं म्हणली, "सरकारचे हायत म्हणून त्यांच्या कपाळावर लिवलं होतं का?"

खरंय. पण त्यांना वर बघता येत न्हवतं? टेकू दिसला न्हाई? चहा पिऊन, आईचा शब्द लिहून गेले. पाहणी म्हणतेत याला. माझा राग आईवरनं परत ऑफिसकडं गेला, तिथंच बरा वाटतो.

२१ फेब्रु., गुरु.
भाऊसाहेबांनी वाट सांगितली. आईनं लिहून द्यायचं : माझे घर कच्चे असून मी दिलेली माहिती चुकीची होती. ते ग्रामसभेत वाचायचं, सभेनं मान्य करायचं, मग नाव पुरवणी यादीत. ग्रामसभा २८ ला. पुरवणी यादी त्यानंतर लगेच जाणार.

आई न्हाई म्हणली. "गावासमोर म्हणू माझं घर पडकं? मग तुला पोरगी कोण देईल?" घर तिच्या नावावर, माझी सही चालत न्हाई. मी ताट सरकवलं. तिनं उचलून झाकून ठेवलं.

२५ फेब्रु., सोम.
माझी तक्रार खुलाशासाठी सरपंचांकडंच आली. म्हणजे चोर ज्याला म्हणलो त्याच्याच हातात. त्यात नाव कापल्याचं सगळं खोटं, आता मला माहिती.

व. संस्थेत आली. रांग संपायची वाट बघत थांबली. माझे कान तापले. म्हणलो, घराचं अजून कुणाला कळू देऊ नको. ती म्हणली, "तुमचं माळवद बसलंय हे अख्ख्या गावाला माहिती. त्याचं कुणाला काय?"

मग किटलीचं झाकण लावत, "बाबांनी तुझं पत्र दोनदा वाचलं. अक्षर चांगलंय म्हणले. एवढं चांगलं अक्षर, कॉलेज कशापायी सोडलं इचार म्हणले."

सगळ्यांना दुष्काळ सांगतो. खरं म्हणजे सरांशी भांडून वर्गातनं उठलो, परत गेलो न्हाई. तिच्यासमोर माप उचलायला गेलो. दूध सांडलं अर्धा लिटर.

२७ फेब्रु., बुध.
व.चं बोलणं आईला सांगितलं. नाव न घेता, गाव असं म्हणतं म्हणून. तिनं फुंकणी खाली ठेवली. मग म्हणली आण कागद. गोबरगॅस शेजारचा दाखवला हेपण लिहिलं, तिनं सही केली. "पण वाचायचं तू. पळून यायचं न्हाई मधनं."

खाली माझ्यातर्फे एक ओळ वाढवली. सरपंचांवरचा आरोप रागात केला, तो खोटा आहे. चारदा खोडली, पाचव्यांदा ठेवली.

२८ फेब्रु., गुरु.
चावडीसमोर सतरंजी. माणसं मोजकीच. मी उभा राहिलो, कागद उघडला, अन् वेशीत टँकरचा हॉर्न. बाया आधी उठल्या, मग गडी. घागरींचा नुस्ता आवाज. भाऊसाहेबांनी गणपूर्ती न्हाई लिहून सभा तहकूब केली अन् तेपण कळशी घेऊन गेले.

सतरंजीवर चेअरमन एकटे. म्हणले, "वाच."

मी म्हणलो, सभा न्हाई.

"मी हाय ना."

वाचलं. आईच्या ओळी नीट वाचल्या. माझ्या ओळीला अडखळलो, परत पहिल्यापासनं वाचली. त्यांनी हात पुढं केला. कागद घेतला, घडी घालून खिशात टाकला. पुरवणी यादीचं काय, आज न्हाई तर कधी, काही बोलले न्हाईत. चपला घालताना फक्त, "गोबरगॅस कुणाचा दाखवला म्हणलास?"

"अण्णांचा."

हसले का खोकले कळलं न्हाई. टँकरकडं गेले.

घरी आईनं इचारलं, वाचलंस का. हो म्हणलो.

"कुणी ऐकलं?"

"एकट्या चेअरमननी."

तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, पोरीकडची माणसं आल्यासारखा. "मग काय म्हणले?"