स्थितप्रज्ञाचा नारळ

२५ जुलै. श्रावण शुद्ध प्रतिपदा.
कुरवंड्याच्या मारुतीच्या देवळात पोथी लावली. माझ्या वाचनाचा सलग एकतिसावा श्रावण. श्रोते: धोंडिबा. तिसऱ्या ओवीला डुलला, पाचव्या ओवीला घोरला. एकतीस वर्षे हाच क्रम. समईचे तेल मात्र तोच आणतो.
सूनबाई रुपालीने फोनमध्ये व्हॉट्सॲप घालून दिले आणि ‘मावळ भक्तिसंगम’ या ग्रुपमध्ये मला दाखल केले. सदस्य दोनशे बारा! संकल्प: दिवसाकाठी केवळ एक घटका. ज्याने इंद्रिये जिंकली त्याला यंत्राचे भय ते काय?

२६ जुलै, पहाटे ५.
ग्रुपवर एकदाच ‘राम कृष्ण हरी’ लिहून ही मंडळी मोकळी होतात. हे रीतीला धरून नाही. कीर्तन संपल्यावर आपण घोळक्याच्या पाया पडत नाही, एकेकाच्या पडतो. सबब प्रत्येक नंबरास स्वतंत्र नमस्कार.
दुपारी १. एकशे चाळीस झाले. स्नान राहिले.

२७ जुलै.
उत्तरे आली. भगवंताच्या नावाने आलेला नमस्कार परत न करणे हा दोष. केला. त्यांनी पुन्हा केला. मीही केला. रुपाली म्हणाली, “आबा, नुसता अंगठा पाठवा की.” नामस्मरणाला अंगठा दाखवू?
घटका लांबते आहे. परंतु नामात गेलेला काळ मोजायचा नसतो.

३० जुलै.
आज सत्संग लाभला. नाव ‘हरिकृपा’, भुशीकडे वास्तव्य, फोटोच्या जागी तुळशीवृंदावन. बाकीचे नमस्काराला तासन्‌तास लावतात, यांचे उत्तर निमिषात: “आपला निरोप मिळाला. आम्ही लवकरच संपर्क करू. राम कृष्ण हरी.” केवढा विनय! स्वतःला ‘आम्ही’ म्हणतात. बहुधा मठाधिपती असावेत.

४ ऑगस्ट. श्रावणी सोमवार.
हरिकृपांस आत्म्याच्या अमरत्वाविषयी सतरा ओळींचा प्रश्न पाठवला. उत्तर तेच. कसोटी म्हणून थोडे कठोर लिहिले. उत्तर तेच! निंदा आणि स्तुती ज्यास समान, तो स्थितप्रज्ञ. आजवर अशी लक्षणे केवळ वाचली होती.
हिला सांगितले. आमची येसूबाई उद्गारली, “त्यांच्या घरी कोण नांदतंय ते एकदा बघून या, मग बोला.” बायकांना अध्यात्म कळत नाही.

८ ऑगस्ट.
पोथीला पाऊण तास उशीर. धोंडिबा समई लावून बसला होता. “आबा, बरं न्हाई का?” म्हणाला. त्याला हरिकृपांची उत्तरे वाचून दाखवली, ओळीने अकरा. तो म्हणाला, “समदी येकच हाय न्हवं?” अज्ञान.

१३ ऑगस्ट.
देवळात जाणे घडले नाही. एकसष्ट नमस्कार थकले होते. अध्याय घरीच मनातल्या मनात वाचला. यास खंड म्हणत नाहीत. धोंडिबा दिवेलागणीपासून बसून घरी परतला, असे ही म्हणाली. बसला असेल. त्याला दुसरे काम काय?

१८ ऑगस्ट.
निर्णय. समाप्तीच्या दिवशी जो श्रोता एकही दिवस चुकला नाही, त्याला पोथीपुढचा नारळ आणि उपरणे देतात. दर वर्षी धोंडिबाच. यंदा हा मान हरिकृपांना. निमंत्रण धाडले. तत्क्षणी उत्तर: लवकरच संपर्क करतात!
धोंडिबाला शांतपणे समजावले, की झोपून ऐकणे आणि जागेपणी ऐकणे यांत अंतर आहे. तो म्हणाला, “व्हय, आबा.” तेलाची बाटली ठेवली आणि गेला. मनाला लावून घेतलेले दिसले नाही.

२२ ऑगस्ट.
धोंडिबा चार दिवस आलेला नाही. शेतीची कामे असतील. समई मीच लावली. श्रोत्यांवाचून वाचताना आवाज देवळात फारच घुमतो. घोरण्याचीही सवय होते म्हणायची.

२३ ऑगस्ट. समाप्ती.
दुपारी ४. देवळात हरिकृपांसाठी पाट मांडून घरी आलो. मार्ग विचारण्यास फोन लावावा म्हणून रुपालीकडे दिला. तिने पाहिले आणि पदर तोंडाला लावला. म्हणाली, “आबा, हा भुशीच्या रस्त्यावरचा भाड्याचा बंगला आहे. वीकेंडला लोक राहतात तो. उत्तर फोन आपोआप पाठवतो. माणूस बघतसुद्धा नाही.”
येसूबाई आतून म्हणाली, “मी म्हटलं नव्हतं?”
४.४०. उपरणे काखेत मारून धोंडिबाच्या घरी गेलो. ओसरीवर घेवड्याच्या शेंगा सोलत होता. म्हटले, आज समाप्ती, चल. मान वर न करता तो म्हणाला, “आपला निरोप मिळाला. आमी लवकरच संपर्क करू.”
उपरणे काखेतच राहिले.
देवळात परतलो. शेवटचा अध्याय आरंभला. तिसऱ्या ओवीला पायरीवर काठी वाजली. खांबामागे कोणी खोकले. अध्याय सुरू असता वाचणाऱ्याने मान वर करू नये, म्हणून केली नाही. पाचव्या ओवीला घोरणे ऐकू आले.
सायंकाळी ६.३०. नारळ द्यायला धोंडिबाला हाक मारली. निमिषात उत्तर आले नाही. तिसऱ्या हाकेला आले.