मोठ्या पडद्यावर गेलेलं पत्र

गुरुवार, संध्याकाळी सात

अजून जिवाला चैन नाही. सकाळच्या बॅचला लॅपटॉप हॉलच्या मोठ्या पडद्याला जोडला. माझ्या लॅपटॉपातल्या लिनक्स प्रणालीला दोन्हीकडे एकच चित्र दाखव म्हणून सांगावं लागतं, तेच विसरलो. त्यानं मोठा पडदा म्हणजे लॅपटॉपच्या पडद्याचाच उजवीकडे वाढवलेला भाग धरला, आणि उघडेल ते तिकडंच दाखवायला लागला. रसायनशास्त्राची फाईल समजून काल लिहिलेलं पत्र उघडलं, पण माझ्यासमोर काहीच दिसेना. माउसचा बाणही उजव्या काठावरून पलीकडं निघून गेला. मी आपला केबल हलवत राहिलो.

मागं वळून बघतो तर दोनशे पोरांसमोर माझं पत्र! नांदेडच्या क्लासला नोकरीसाठी लिहिलेला होकार.

कुणी हसलं नाही. नियम माझाच आहे, पडद्यावर येईल ते आधी उतरवायचं, समजून नंतर घ्यायचं. पहिल्या बाकावरच्या जळकोटच्या मुलीनं उतरवायला घेतलंसुद्धा. 'लातूर सोडण्यास' इथं तिचा पेन थांबला होता. आईला घेऊन इथं खोली करून राहते ती.

"सर, ऑर्गॅनिक संपवूनच जाताल ना?"

"वहीत बघ," एवढंच बोललो. काय बघायचं होतं तिनं वहीत?

भूकंपात घर गेलं तरी वडिलांनी हा जिल्हा सोडला नव्हता. मी कशाला निघालोय?

पत्र ईमेलला जोडून ठेवलंय, अजून पाठवलेलं नाही. पाठवायचं बटण उजव्या काठालाच आहे. बाण तिथवर नेतो आणि थांबतो, तिच्या पेनासारखा.