‘आधी’चा फोटो

३ नोव्हें., सोम.
प्रुफं आली. पहिलं प्रकरण पुन्हा वाचलं. सातपूरचा व्हॉल्व्हचा कारखाना, सल्लागार म्हणून माझं पहिलं काम, आणि पिवळी रेघ. दोन मशीनच्या मध्ये जमिनीवर एक रेघ. अर्धवट माल साठून रेघेबाहेर आला की मागच्या मशीनवाल्याने आपलं मशीन थांबवायचं. बस, एवढंच. एवढ्यावर माझी पंचवीस वर्षं निघाली, आधी सल्ला देण्यात, मग लोकांच्या धंद्यात पैसे घालण्यात, आणि आता हे पुस्तक.

‘मी पिवळ्या रंगाचा डबा मागवला’ असं वाक्य आहे. डबा मी मागवला नव्हता.

प्रकाशक देवधर म्हणतात, याच आठवड्यात छपाईला.

५, बुध.
दिंडोरीला जाऊन आले. द्राक्षांच्या ज्या पॅकिंग शेडमध्ये माझी भागीदारी आहे तिथे. हंगामाआधीची रंगरंगोटी चाललीय, जमिनीवर रेघा नव्याने मारत होते. तिथल्या बायका तिला ‘मॅडमची रेघ’ म्हणतात. पूर्वी ऐकून बरं वाटायचं. आज चहा न घेताच निघाले.

रेघ गांगुर्डे मामांची. मशीन शॉपमधले जुने ऑपरेटर. मी कारखान्यात पाऊल टाकण्याआधीच त्यांनी ती मारलेली, गॅसच्या पाइपांचा रंग उरला होता त्यातून. मला रिपोर्टात ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो हवे होते. म्हणून रेघ घासून काढायला लावली, मालाचा ढीग होऊ दिला, फोटो काढला, मग पुन्हा मारायला लावली. घासली मामांनीच.

तो ‘आधी’चा फोटो पान १४ वर आहे.

६, गुरु.
नाशिक रोडला, मामांकडे. म्हटलं पुस्तकाच्या प्रकाशनाचं निमंत्रण द्यावं. खरं म्हणजे ते विसरलेत का, ते बघायला गेले होते.

विसरलेले नाहीत. “थिनरनं हाताची सालं निघाली व्हती बघा मॅडम,” म्हणाले, हसत. मला जरा हायसं वाटलं. तेवढ्यात विमलताई, त्यांच्या पत्नी, आतून एक कागद घेऊन आल्या. माझ्यापुढे ठेवला.

मामांच्या नावाचा जुना मेमो. ‘विभागात मालाचा ढीग, शिस्त नाही.’ सोबत पुरावा म्हणून माझ्या रिपोर्टचं पान. माझा फोटो, खाली माझी सही. त्या वर्षी मामा फोरमन होणार होते. झाले नाहीत. पुढेही कधी नाही.

“साहेबांना सांगितलं का नाही, मामा?”

“काय सांगनार? मॅडमनीच ढीग करायला लावला म्हनून? कोन ऐकनार व्हतं?”

मला मेमोचं माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. पण मी तरी कधी विचारलं? विमलताई एवढंच म्हणाल्या, “चहा घ्या.” घेतला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

७, शुक्र.
सकाळीच देवधरांना फोन. थांबवा म्हटलं.

“ताई, सुरुवातीची पानं कालच छापून झाली. फार तर एक चिठ्ठी छापून आत ठेवू. पण एवढं कोण बघतंय? आणि समारंभाला अध्यक्ष कोण आहेत, विसरू नका.”

कसं विसरेन. कारखान्याचे तेव्हाचे मॅनेजर. साहेब. मी स्वतः जाऊन हातापाया पडून होकार आणलाय. मेमोवर सही त्यांचीच आहे.

९, रवि.
चिठ्ठीचा मजकूर. आधी ‘अनवधानाने’ लिहिलं, खोडलं. ‘सहकार्याने’ लिहिलं, तेही खोडलं. हात बरोबर सवयीच्या शब्दांकडेच जातो. शेवटी:

‘पान ११ ते १४ : ही रेघ माझी नाही, रामदास गांगुर्डे यांची आहे. पान १४ वरचा फोटो माझ्या सांगण्यावरून रेघ पुसून काढलेला आहे.’

देवधर म्हणतात दुसरं वाक्य गाळा, साहेबांना लागेल. ठेवाच म्हटलं. दोनदा म्हणावं लागलं.

१८, मंगळ.
पुस्तकं आली. देखणी झालीत, नाही म्हणवत नाही. चिठ्ठी चिकटवलेली नाही, नुसती ठेवलीय. एक प्रत उलटी धरली तर घरंगळून पायाशी पडली. मामांना प्रत पाठवली, चिठ्ठी आत आहे ना ते तीनदा बघून.

२०, गुरु.
मामांचा फोन नाही. साहेबांचा आला. पुस्तक चाळलं म्हणाले, जुने दिवस आठवले. चिठ्ठीबद्दल अवाक्षर नाही. पडली असेल. किंवा नसेल. माझी विचारायची छाती झाली नाही.

२२, शनि.
दुपारी मामांचा फोन.

“नातीनं वाचून दाखवलं. पुस्तक चांगलं हाय. चिठ्ठी मात्र आमच्या हिनं काढून घेतली, मेमोच्या फाइलीत लावली.”

बरं झालं, असं काहीतरी म्हणाले मी.

“एक इचारू का मॅडम? त्या रिपोर्टावर तुमची सही व्हती. चिठ्ठीवर नाय. उद्या कार्यक्रमाला घेऊन येतो, सही देशाल का?”

मी काही बोलायच्या आत तेच पुढे म्हणाले, “समद्यांसमोर नको. साहेब असतीन. बाजूला दिली तरी चालंल.”

“हो, बाजूला देते,” म्हटलं. चटकन. एक श्वाससुद्धा मध्ये जाऊ दिला नाही.

तेव्हापासून घरात येरझाऱ्या घालतेय. उद्या अकराला कार्यक्रम. साहेबांच्या भाषणानंतर मी पहिलं प्रकरण वाचायचंय, पान ११ पासून. मामा आणि विमलताई पहिल्या रांगेत, त्या खुर्च्या मीच राखून ठेवल्यात. वाचायची प्रत टेबलावर आहे. तिच्यातली चिठ्ठी काढून पर्समध्ये ठेवली होती. आत्ता परत पान ११ वर ठेवली.