चाकावर रंगाचे तीन हात

कन्हेरी, ता. बारामती
दि. १८ जानेवारी १९९६

तीर्थस्वरूप रामभाऊ दाजी यांना धाकट्या मेहुण्याचा, झुंबरचा, सप्रेम जयभीम. ठमाआक्कालाही जयभीम सांगा (ऐकून घेतलाच तर).

तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं आणि हिरवी पट्टी अजून पंधरा दिवस राहणार, हे कळलं. पट्टी आहे तोवर अक्षराकडं बघू नका. आक्काला वाचता येत नाही, तुमची श्रेया पुण्याला होस्टेलवर, तेव्हा घरात जो कोणी वाचणारा असेल त्याच्याकडून हे पत्र वाचून घ्या. तो कोण, याची मी चौकशी करत नाही. मला काय करायचंय! फक्त त्यानं मोठ्यानं वाचावं, मधलं गाळू नये आणि सोबतच्या पिशवीची गाठ पत्र संपेपर्यंत सोडू नये. पिशवी जड आहे, एस.टी.चा कंडक्टर विचारणारच, त्याला मी गूळ आहे म्हणून सांगणार. तुम्हीही तूर्त गूळच समजा.

हे फोनवरच सांगणार होतो. पण कंपनीनं तुमच्या क्वार्टरला फोन दिल्यापासून तो आक्का उचलते, माझा आवाज ओळखते आणि 'बोल लवकर' म्हणते. हे लवकर बोलण्यासारखं नाही, दाजी. आमच्या उसाच्या ट्रकची चाकं निघून जायला लागली आहेत. पंक्चर नव्हे, टायर फुटणं नव्हे. चाक उठतं आणि जातं. आमच्या मंडळींचं, द्वारकेचं म्हणणं, "निघत न्हायती ती, तुमच्या बोलण्याला कंटाळून चाललीत." अशा घरात मी राहतो.

पहिल्यापासून सांगतो. साखर कारखान्याचा बॉयलर पेटायच्या आधी मी गाडी पंधरा दिवस बारामतीला पेंटरकडं उभी केली, हे तुम्हाला ठाऊक आहे. लाल ऑक्साईड, त्यावर ऑइलपेंटचे तीन हात. बॉडी, फाळका, चॅसी, झालंच तर चाकं काढून चाकांच्या मागचे ड्रम, चाकांची आतली बाजू, नट. जिथं ब्रश पोचतो तिथं रंग. पेंटर म्हणाला, "आबा, आतल्या अंगाला कशाला? कुणाला दिसतंय?" मी म्हणालो, मला दिसतंय. ड्रम निळे, चाकं पांढरी, नट पिवळेधमक, आणि कपाळावर नातीचं नाव, 'प्रियदर्शनी'. (ज्यानं आठ वर्षं दुसऱ्याच्या ट्रकखाली पाठीवर झोपून तोंडावर चिखल घेतला, त्याची स्वतःची गाडी एकदा नवरीसारखी दिसली, तर त्यानं तीन हात द्यावेत की दोन, हे दुसऱ्यानं सांगू नये.) गाडी बघायला सोमेश्वरनगरहून माणसं आली. तुम्हीही आलात. पण 'छान' म्हणायचं सोडून डाव्या मागच्या चाकाशी उकिडवे बसलात, पान्यानं एक नट सोडलात, फटीत अंगठा घातलात आणि नखानं माझा ताजा रंग खरवडलात. वर "झुंबर, हितं आत..." असं काहीतरी सुरू केलंत, तेवढ्यात मी तुम्हाला मटणाच्या ताटावर बसवलं. ते राहूनच गेलं. मनाला मात्र लागलं. नवीन रंगाला नख लावणं बरं नव्हे.

आता तुमचा पुतण्या म्हस्कू. (माझ्याकडं ड्रायव्हर म्हणून तुम्हीच चिकटवलेला. आठवण करून देत नाही, नुसतं सांगतो.) सात वर्षं गाडी चालवली, कुणाला धक्का नाही, दारू नाही, हे मान्य. पण त्याची एक खोड. गाडी थांबली रे थांबली की खाली उतरायचा आणि बाभळीच्या दांड्याची ती छोटी हातोडी घेऊन एकेक नट वाजवायचा. टण्, टण्, टण्. एका चाकाचे दहा नट, मग थांबणं, मग पुढचे दहा. कारखान्याच्या वजनकाट्यावर रांगेत उभं असलं तरी तेच. शिवाय भरलेली गाडी रस्त्याला लागली की पहिल्याच टपरीवर चहा. तिथंही आधी पाना काढून नट आवळायचे आणि मग चहा, म्हणजे आवळण्याच्या नावाखाली चहा, असा माझा हिशेब. इतकी वर्षं चालवून घेतलं. पण यंदा प्रत्येक पिवळ्या नटावर टवका उडायला लागला. पंधरा दिवसांत गाडी देवी येऊन गेल्यासारखी दिसायला लागली. शेवटी मी बजावलं, हातोडी सीटखाली ठेव, माझ्या गाडीला कान-नाक टोचायचं नाही. तो "बरं मालक" म्हणाला. म्हस्कूचं "बरं मालक" तुम्हाला माहीत आहे. त्यात बरं काही नसतं.

डिसेंबरात पहिलं चाक गेलं. गाडी भरलेली, मी शेजारी बसलेलो, आमच्या कन्हेरीच्या अलीकडचा उतार. डाव्या अंगानं एक चाक आम्हाला ओव्हरटेक करून गेलं. अगदी सरळ, आपली बाजू धरून. मी म्हणालो, "म्हस्कू, कुणाचं तरी चाक निसटलं बघ." म्हस्कू ब्रेक दाबत म्हणाला, "रंग आपला हाय, मालक."

तोवर ते रस्ता सोडून ऊसतोडणीच्या टोळीच्या खोपटांत शिरलं. सारजा, म्हणजे टोळीची मुकादमीण, भाकऱ्या थापत बसली होती. चाकानं तिची चूल नेली, तवा नेला, परातीला सलाम केला आणि बैलांसाठी टाकलेल्या उसाच्या वाढ्यात जाऊन आडवं झालं. आम्ही धापा टाकत पोचलो तर सारजा पिठाचे हात कमरेवर ठेवून उभी. "आबा, चाक पोचलं. गाडी कवा लावताय?" सगळे हसले, मीही हसलो. मग तिची नजर चुलीमागं गेली. दोन खांबांना बांधलेल्या झोळीत तिची तान्ही नात नकोशी निजली होती. झोळी हलत होती, दाजी. कुणी हलवली नव्हती. चाक जाताना जो वारा सुटला, त्यानं हलत होती. मध्ये वीतभर अंतर. सारजानं झोळी सोडून नातीला पोटाशी घेतलं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी घाबरलो, आणि घाबरलो की माझं तोंड सुटतं. चारचौघांत म्हस्कूला म्हणालो ते इथं लिहीत नाही. थोडक्यात सांगायचं तर त्याच्या मनगटात दम नाही, त्याला नट आवळता येत नाहीत, त्यानं उद्यापासून येऊ नये, आणि त्याच्या खानदानाबद्दल थोडं. (त्यात तुम्ही येता, हे नंतर लक्षात आलं.) त्यानं सीटखालची हातोडी काढून बॉनेटवर ठेवली, काहीतरी पुटपुटला, आणि चपला वाजवत गेला. काय पुटपुटला ते मला ऐकू आलं नाही. तो कुठं गेला हेही मला माहीत नाही.

त्याच्या जागी भीमा आणला. साडेसहा फूट, तालमीतला. म्हणालो, मनगट बघायचं तर हे बघा. भीमा व्हीलपान्याला चार फुटी पाइप जोडायचा, पाइपावर दोन पायांनी उभा राहायचा आणि उड्या मारायचा. नट किंचाळायचा. मला इतकं समाधान वाटायचं की मी घरातून खुर्ची आणून बघत बसायचो. आठव्या दिवशी इंदापूर रस्त्यावर, भरल्या गाडीचं तेच डावं मागचं चाक परत गेलं. या खेपेला नट सुटले नाहीत, नट धरणारे बोल्टच मोडले, आधी दहापैकी सात, मागोमाग उरलेले तीन, काकडी मोडावी तसे. उड्यांनी ते आधीच ताणून अर्धमेले झाले होते म्हणे. गाडी डाव्या कुशीवर बसली, निम्मा ऊस रस्त्यावर, आणि चाक कालव्यात.

कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलेलं. मला वाटलं चाक बुडेल. कसलं बुडतंय! टायरात हवा ठासून भरलेली. ते तरंगलं आणि चालू लागलं. मी मागून घेतलेल्या सायकलवरून काठानं, चाक मधून. प्रत्येक पुलावर माणसं विचारायची, "आबा, कुठवर?" मी चाकाकडं बोट दाखवायचो. शेवटी पार खाली इंदापूरच्या बाजूला एका गेटाला अडकलं. तिथला एक म्हातारा पाण्यात उतरून त्याला धरून उभा. मला म्हणतो, "तीस वर्सं आमी कालव्याच्या टेलला, पार शेवटाला, पाणी पोचंना म्हणून बोंबलतोय, आन् तुमचं चाक बरं पोचलं!" चाक आपल्या वाटणीला आलंय, असं त्याचं म्हणणं. सोडवून आणताना घाम निघाला. भीमाला विचारलं, आता काय? तर तो शांतपणे म्हणाला, "जोर कमी पडला असंल, तर पाइपावर आणखी एक गडी चढवू."

गाडी दुरुस्त करून परत उसाच्या फडात नेली, तर सारजानं मोळी चढवायला नकार दिला. आख्खी टोळी कोयते खाली टाकून बसली. तोडलेला ऊस तीन दिवस वाळतोय, माझी गाडी रिकामी, आणि ती मला ऐकवते, "म्हस्कूभाऊ आला तर मोळी चढंल. त्येचं टण् टण् ऐकू आलं की आमी निवांत भाकरी थापायचो. तुमच्या गाडीचा आवाज आला की आता मी आधी झोळी सोडती." मी रंगाकडं बघत उभा राहिलो.

तर दाजी, तुम्ही हयात वालचंदनगरात जड मशिनांत घालवलेली. नट नेमका किती आवळावा, पान्याची लांबी किती, जोर किती, याचं माप कुणाकडून तरी लिहवून पाठवा. एवढंच काम आहे. बाकी माझं कुणाबद्दल काही म्हणणं नाही.

आपला,
झुंबर

ता. क. माप पाठवू नका. कळलं. मंगळवारी मी स्वतः चाक काढून बसलो. ड्रम आणि चाक जिथं एकमेकाला भिडतं तिथला रंग पापडासारखा सुटून हातात आला. ड्रमावर तीन हात, चाकावर तीन हात, जोडचाक असल्यानं मध्ये आणखी सहा. ओझ्याखाली तो रोज चेपायचा, झिजायचा, आणि तितकी फट पडायची. नट जागेवरच होते, दाजी. नटाखालचं अंग बारीक होत होतं. अख्ख्या ड्रमावर लोखंडाला लोखंड भिडलेली एकच जागा सापडली, अंगठ्याच्या नखाएवढी. ती तुमची. तुम्ही "हितं आत" च्या पुढं काय म्हणणार होतात ते आता कळलं, मटण थांबू शकलं असतं. दोन दिवस तारेच्या ब्रशनं आतला रंग खरवडतोय. पाठ गेली. बाहेरचा ठेवलाय.

ता. क. आणखी एक. म्हस्कू जाताना पुटपुटला ते मला ऐकू आलं होतं. अख्ख्या तालुक्यात माझ्या तिखट कानांचा बोभाटा आहे, तिथं ते कसं ऐकू येणार नाही? तो म्हणाला, "वाजवू दिलं असतं तर कळलं असतं." ती हातोडी मला माझ्या उस्तादानं दिली होती, मी क्लीनर असताना. आवळलेला नट टण् म्हणतो, ढिला बद्द म्हणतो, हे मला त्यानं शिकवलं आणि म्हस्कूला मी शिकवलं. मग एक दिवस मला टवके दिसायला लागले आणि ऐकू येणं बंद झालं. झोळी मात्र रोज दिसते. जेवताना ताटासमोर हलते.

ता. क. हे जो वाचतोय त्याच्यासाठी. शनिवारी फोन केला तेव्हा मागं काहीतरी वाजत होतं. आक्का म्हणाली मांजर आहे. मांजर दहा वेळा वाजवून थांबत नाही, म्हस्कू, आणि परत दहा वेळा वाजवत नाही. वरच्या शिव्या तू गाळल्या असशील तर दाजींना परत नीट वाचून दाखव. त्या माझ्याच होत्या, चुकून तुझ्या नावावर पडल्या. भीमाला मोळ्या चढवायला लावलंय, टोळी त्याच्यावर खूश आहे. पहिल्या टपरीवर चहा चालू. आधी पाना, मग चहा, दोन घेतलेस तरी चालेल. आता पिशवी सोड, गूळ नाही त्यात. आक्काला तेवढं तूच सांग.

रविवारी सकाळी नऊला फोन करीन. तू काही बोलायचं नाहीस, बोललास तर मीही बोलेन आणि पुन्हा बिघडेल. आक्काला रिसीव्हर धरायला लाव आणि हातोडी एकदाच वाजव. टण् आलं की तुला आणायला गाडी घेऊन निघतो. फक्त शनिवारसारखं गॅसच्या सिलिंडरवर वाजवू नकोस. तो भरलेला आहे, शनिवारी ऐकलं, बद्दच येईल आणि माझा उगाच गैरसमज होईल. खिडकीच्या गजावर वाजव.